डाव्या टाचेची खूण

त्सुयामा,
रविवार, ७ ऑक्टोबर २०१८

ती. योहेई काकांस,
चिनात्सुचा शि. सा. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात पाठवलेल्या पत्रात माझ्या हातून एक चूक झाली. ती आधी दुरुस्त करते, क्षेमकुशल मागाहून. मी लिहिलं होतं की बाबा शेवटी ‘मिशन घाल’ म्हणाले. बाबा ‘घाल’ म्हणाले नव्हते. ते फक्त ‘मिशन’ म्हणाले. ‘घाल’ हा शब्द माझा आहे.

झालं ते असं. पक्षाघातानंतर बाबांची वाचा गेली होती, उजवी बाजूही गेली होती. आई त्यांचे ओठ पुसत होती आणि मी उशाशी होते. त्यांनी डावा हात उचलला, तळवा खाली केला, हवेत दाबल्यासारखा केला आणि स्वच्छ म्हणाले, मिशन. पुन्हा काही बोलले नाहीत. डावा हात म्हणजे गियरचा हात, म्हणून मला वाटलं की सिल्व्हिया गाडीचं ऑटोमॅटिक काढ आणि हातगियरचं मिशन घाल असंच ते सांगताहेत. पण आपण गियरबॉक्सलाही मिशन म्हणतो आणि हातगियरच्या गाडीलाही मिशनच म्हणतो. मग ‘ते कोठीत गोधडीत बांधलेलं मिशन टाकून दे’ असंही असेल. ‘आहे ते मिशन नीट बघ’ असंही असेल. हे सगळं मला पत्र टाकून घरी परतताना सुचलं आणि त्या रात्री जेवण गेलं नाही. आईला विचारलं, तिनेही ‘मिशन’ एवढंच ऐकलं होतं. एका क्रियापदासाठी टपालाचं तिकीट खर्च करणारी त्सुयामातली तू पहिलीच, असं वर म्हणाली.

बाकी सांगायचं तर एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी नीट झाले. अस्थी आजोबांशेजारी ठेवल्या. गॅरेज चालू आहे. बाबांची जुनी गिऱ्हाइकं येतात, बॉनेट उघडून देतात आणि मग माझ्याकडे न बघता इंजिनाकडेच बघत, तुझे वडील असते तर, एवढं म्हणून थांबतात. मला त्याचा राग येत नाही. मी जे शिकले ते त्यांच्याच पायाशी बसून शिकले. पाना कसा धरायचा हे मला अक्षर काढण्याआधी येत होतं.

सिल्व्हियाच्या सरकारी तपासणीची मुदत नोव्हेंबरअखेर संपते. मिशन बदलायचं तर ते त्याआधी, म्हणजे नवीन कागद एकदमच होतील. म्हणून पुढल्या आठवड्यात काम सुरू करणार आहे. सुटं मिशन कोठीत आहे, थंडीत कोतात्सूच्या शेकायच्या मेजावर पसरतो त्या जुन्या गोधडीत गुंडाळलेलं. बाबा दर वर्षी गोधडी सोडून त्याला तेलाचा हात फिरवायचे आणि पुन्हा बांधून ठेवायचे. इतकी हौस होती तर बसवलं का नाही, कोण जाणे. सगळं आयुष्य गाड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाने ऑटोमॅटिक स्पोर्ट्‌स गाडी चालवावी याची गावात चेष्टा व्हायची. लाल दिव्याला थांबले की त्यांचा डावा पाय उगाच जमीन दाबायचा. क्लच नसलेल्या गाडीत तो पाय काय शोधायचा, हे तुम्हाला ठाऊक असेल तर लिहा.

तुम्ही अंत्यविधीला आलात, पण जेवायला थांबला नाहीत. आई मनाला लावून घेत नाही म्हणते. म्हणजे घेतलं आहे.

चूक पोटात घालून लोभ ठेवावा.

आपली,
चिनात्सु


ओमिशिमा,
८ ऑक्टोबर

चि. चिनात्सु हीस,
योहेई काकाचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. दादा म्हणाला घाल, तर घाल. मला कशाला विचारतेस? गाडी तुमची, मिशन तुमचं, हात तुझे. वाट बघायलाही माणसाला हद्द असते. ती संपली, एवढाच त्याचा अर्थ. बरं झालं. मी तर म्हणतो फार उशिरा संपली.

काम करताना एक कर. मिशन खाली घेताना एकटी घेऊ नकोस, जड असतं. तू अजून तशीच काटकुळी असशील, अंत्यविधीला काळ्या कपड्यांत नुसता हँगर लटकवल्यासारखी दिसत होतीस. शेजाऱ्यापाजाऱ्याला हाताशी घे.

इकडे संत्र्यांना रंग चढायला लागलाय. जुलैतल्या पावसात वरचा बांध खचला तो अजून तसाच आहे. रानडुकरं मात्र खचलेल्या बांधावरूनही बरोबर चढतात. त्यांना चार पाय आहेत, माझा एकच स्वतःचा, तेव्हा शर्यत न लावलेली बरी.

वहिनीला सांग, जेवायला थांबलो असतो तर बोट चुकली असती. (वीस वर्षं झाली, आता पूल आहे, हे तिला ठाऊक आहे. तरी सांग.)

मिशन घातलंस की कळवूही नकोस. मला कळेलच.

तब्येतीला जप. लोभ आहेच, मागायचं कारण नाही.

तुझा,
योहेई काका


त्सुयामा,
शनिवार, २० ऑक्टोबर

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना चुकली. तुम्ही ‘दादा म्हणाला घाल’ असं लिहिलंत, तेव्हा माझं दुरुस्तीचं पत्र तुमच्या हाती नव्हतं. आता पोचलं असेल. त्यानंतर तुमचं काही आलं नाही, म्हणून काळजी वाटते. ‘वाट बघायलाही हद्द असते’ हे वाक्य मी पुष्कळदा वाचलं. कोण कुणाची वाट बघत होतं, काका?

हे विचारायचं कारण सांगते. सोमवारी मी गाडी वर घेतली. ही गाडी बाबांनी कधी माझ्या हाताखाली दिली नव्हती. तेल बदलायचं तरी स्वतः. त्यामुळे इतक्या वर्षांत मी ती खालून पाहिलीच नव्हती. आधी पेडलच्या मागचा पत्रा बघितला, कारण क्लचसाठी तिथे भोकं पाडावी लागणार होती. भोकं आधीच होती. एक मोठं, दोन बोल्टची, तिन्ही रबरी बुचांनी नीट बंद केलेली, वर गाडीच्याच पांढऱ्या रंगाचा हात. मग इंजिनाजवळची पाटी पुसून वाचली. कारखान्यातून निघताना कोणतं मिशन होतं ते त्यावर लिहिलेलं असतं. पाच गियरचं, हाताचं. कोठीतल्या मिशनवरचा छापही तोच निघाला.

म्हणजे मी आजवर उलटंच धरून चालले होते. बाबांनी ते मिशन हौसेने विकत आणून ठेवलं नव्हतं. ते या गाडीचंच आहे. हातगियरची गाडी मुद्दाम ऑटोमॅटिक करणारा माणूस मी ऐकलेला नाही. सगळे उलट करतात, आणि त्यासाठी आमच्याकडे लांबून येतात. मला आठवतं, मी लहान असताना एका हिवाळ्यात बाबा गॅरेजचं दार आतून लावून काम करायचे आणि मला आत येऊ देत नसत. मला वाटे, माझ्यासाठी काहीतरी बनवताहेत.

आणखी एक. ड्रायव्हरच्या पायाखाली बाबांनी कायम एक रबरी पायपुसणं टाकलेलं असायचं. ते उचललं. खालचा गालिचा एका जागी घासून पार पत्र्यापर्यंत गेला आहे. जागा डावीकडे, क्लच असता तर टाच टेकते तिथे. खूण अंड्याएवढी. बाबांच्या टाचेची म्हणावी, तर बाबा टाच टेकवून गाडी चालवत नसत. मलाही टेकवू देत नसत, पायावर फटका मारायचे.

आईला विचारलं. ती कांदा चिरत होती. म्हणाली, तुझ्या काकालाच विचार, मी त्या दिवशी फक्त भात रांधला होता. कोणत्या दिवशी म्हटलं, तर म्हणाली, कांदा फार झोंबतोय, बाहेर हो.

मी काम थांबवलं आहे. गाडी वरच आहे. हात लावला तर चूक होईल आणि नाही लावला तर तपासणीची मुदत संपेल, अशा पेचात आहे. रागावला असाल तर रागावून लिहा, पण लिहा. उत्तराची वाट बघणं बाबांकडून माझ्याकडे आलं आहे असं दिसतं.

आपली,
चिनात्सु


ओमिशिमा,
२९ ऑक्टोबर

चि. चिनात्सु हीस,
अ. उ. आ.

ती टाच माझी.

बापाची म्हणून तू पायपुसणं उचललंस आणि काकाची निघाली. दादा सांगून सांगून थकला, टाच उचल, गालिचा जातोय. मी म्हणायचो, गालिचा अर्धा माझा आहे, माझ्या अर्ध्यात भोक पाडतो. गाडी आम्ही दोघांनी मिळून घेतली होती हे तुला कुणी सांगितलं नसणार. तू जन्मायच्या आधीची गोष्ट. मी जहाजाच्या गोदीत लागलो होतो, तो बापाच्या गॅरेजमध्ये. एक रविवार त्याचा, एक माझा, आणि तिसऱ्या रविवारी दोघं. तिसरा रविवार सगळ्यात चांगला. तो चालवताना मी बाजूला बसून गियर कुठला हवा ते ओरडायचो, आणि मी चालवताना तो गप्प बसून दार घट्ट धरायचा.

मग माझा पाय गेला. गोदीतल्या गोष्टी तुला सांगत नाही. गुडघ्याखाली डावा. त्यानंतर गाडीचं नाव मी काढलं नाही, त्यानेही काढलं नाही. मी हे बेट गाठलं आणि सासऱ्यांच्या बागेत राबू लागलो.

पुढच्या फेब्रुवारीत तो बोटीने गाडी घेऊन आला. आधी कळवलं नाही. धक्क्यावर मला बोलावून घेतलं. बोटीची माणसं, संत्र्यांच्या पेट्या लादणाऱ्या बाया, सगळी उभी. त्याने दार उघडून धरलं आणि म्हणाला, बस, चालव, हिला आता डावा पाय लागत नाही. संध्याकाळपर्यंत घरी जाऊ, वहिनीने आपल्या दोघांचा भात टाकलाय.

तो हसत होता, चिनात्सु. हिवाळाभर दार लावून त्याने ते केलं होतं. हातांना तेल आणि जखमा. मी आत वाकून पाहिलं. तीनऐवजी दोन पेडल, गियरच्या जागी ऑटोमॅटिकचा तो दांडा. मी सगळ्यांसमोर म्हणालो, मी लंगडा झालो तो झालो, आता गाडीलाही लंगडी केलीस?

त्याने दार बंद केलं. तीच बोट परत निघायची होती, तिच्यावर गाडी चढवली आणि गेला. त्याने रागावून एखादा शब्द टाकला असता तर मी दुसऱ्या दिवशी तिकडे गेलो असतो. तो बोलला नाही, म्हणून मीही नाही. आपल्या घरातली माणसं अशीच. तू एक निघालीस क्रियापदं दुरुस्त करणारी.

त्यानंतर दर वर्षी नववर्षाच्या कार्डावर छापील शुभेच्छांखाली त्याच्या हाताची एकच ओळ असायची. गाडी चालू आहे. मला वाटायचं टोमणा मारतो. मी उत्तरात नुसतं छापील कार्ड पाठवायचो. माझ्याकडे ऑटोमॅटिक छोटा ट्रक आहे, रोज बागेत चालवतो. म्हणजे कुठल्याही रविवारी येऊन मला ती गाडी चालवता आली असती. हे मला कळत नव्हतं असं नाही.

म्हणून तुझ्या पहिल्या पत्रात ‘मिशन घाल’ वाचलं तेव्हा मी बांधावर जाऊन बसलो. म्हटलं, शेवटी कंटाळला. माझं नाव पुसलं त्याने. योग्यच केलं. तुला ‘घाल’ म्हणून लिहिलं आणि त्या दिवशी मला झोपही लागली. मग तुझी दुरुस्ती आली, की तो ‘घाल’ म्हणालाच नव्हता. पोरी, त्यापेक्षा पहिली चूक बरी होती. कंटाळलेल्या भावाचं दुःख होतं, ते एकदाचं होतं. न कंटाळलेल्या भावाचं मी आता काय करू?

तेव्हा तू मिशन घाल. हा ‘घाल’ माझा. तू तरुण आहेस, हाताला गियर असलेली गाडी चालव. मी आता ती चालवून दाखवायची कुणाला? बघणारा गेला.

गालिचा बदलशील तर तेवढा तुकडा मला पाठव. त्या टाचेची दुसरी खूण आता कुठे नाही.

तुझा,
योहेई काका


त्सुयामा,
४ नोव्हेंबर

योहेईभावजींना,
फुसाएचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र चिनात्सुने मला वाचायला दिलं. मुलांची पत्रं मी वाचत नाही, पण तिने पानं माझ्या पुढ्यात ठेवली आणि बाहेर जाऊन गाडीखाली पडून राहिली. काम करत नव्हती. नुसती पडून होती.

बोट चुकली असती, असा निरोप तुम्ही पाठवलात. निरोपाबद्दल आभारी आहे. त्या दिवशीचा भात आम्ही दुसऱ्या दिवशी पेजेत घातला, आणि तुमच्या भावाने तुमच्या वाटणीचंही खाल्लं. काही सांगितलं नाही. योहेईला काम होतं, इतकंच म्हणाले. मग गाडी धुवायला घेतली, फेब्रुवारीत. हात लाल होईपर्यंत धूत होते. त्या गाडीला मी सवत म्हणायचे ते उगाच नाही.

दाखवायची कुणाला म्हणता. मी काय मेले आहे?

माझ्या लायसनवर फक्त ऑटोमॅटिकचीच परवानगी आहे. मिशन घातलं की सवतीला मलाही हात लावता येणार नाही, फक्त तुमचीच अडचण होईल असं नाही. पण मी हो म्हणेन की नाही हे पोरगी मला विचारत नाही, ती तुम्हाला विचारते आहे. ती जेवत नाही नीट. एवढा एकच मुद्दा, बाकी तुम्ही थोर आहात.

संत्री पाठवलीत ती पोचली. पहिलं फळ त्यांच्या तसबिरीपुढे ठेवलं. आंबट आहेत. त्यांना आंबटच आवडायची.

वहिनीचा राग समजून घ्यावा, लोभ त्याच्या तळाशी आहे.

फुसाए


त्सुयामा,
रविवार, ११ नोव्हेंबर

ती. योहेई काकांस,
चिनात्सुचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी गाडीखाली पडून पुन्हा वाचलं. आईने तुम्हाला कळवलंच आहे. ती म्हणते तसं काम करत नव्हते हे खरं, पण रडत होते असं तिने लिहिलं असेल तर ते तितकंसं खरं नाही.

सगळ्यात आधी, बाबांना काय म्हणायचं होतं त्याबद्दल. हात खाली दाबला तो ‘घाल’ होता, ‘राहू दे’ होता की काही वेगळं, हे मला माहीत नाही आणि यापुढे मी ते कुणालाही सांगणार नाही. आई म्हणते, ठेव म्हणाले असतील. शेजारचे त्सुजिमोतोसान म्हणतात, मेकॅनिक माणूस, दुसरं काय म्हणणार. मी आता पत्रात फक्त ‘मिशन’ एवढंच लिहीत जाईन. तुमचं दुःख कोणतं ते तुम्हाला माझ्या एका शब्दावर ठरवावं लागलं, त्याबद्दल पाया पडते.

तुम्ही मला ‘घाल’ सांगितलंत. तुमची आज्ञा मी मोडत नाही. मिशन घालणार आहे. पण त्याआधी एक काम राहिलं आहे, आणि ते माझ्याच्याने होण्यासारखं नाही.

गाडी मी खाली उतरवली. बुचं होती तशी लावली, त्यांच्यावर पुन्हा पांढरा हात मारला. बाबांइतका एकसारखा जमला नाही. तेल, ब्रेक, टायर, सगळं पाहिलं. शुक्रवारी योशिइ नदीच्या कडेने गाडी फिरवून आणली. तिसऱ्या गियरवर जाताना ऑटोमॅटिक जरा अडखळतं, बागेच्या चढावर तुम्हाला जाणवेल. बाबांना ते ठाऊक असणार, कारण ते त्या ठिकाणी पाय अलगद उचलायचे. मला आजवर ती त्यांची लकब वाटत होती.

पायपुसणं काढून ठेवलं आहे. गालिच्याला कात्री लावणार नाही. तुकडा पाठवायचा म्हणजे कापायचा, आणि कापला तर ती नुसती चिंधी राहील. खूण बघायची तर ती आहे तिथेच बघावी लागेल.

ड्रायव्हरची सीट मी हलवलेली नाही. बाबा गेल्यापासून ती त्यांच्याच मापावर आहे. माझे पाय पोचत नाहीत म्हणून मी पाठीशी उशी घेऊन चालवते. आई म्हणते, एक खटका ओढायचा तर एवढं काय. मला तो ओढवत नाही. तुमची उंची त्यांच्याहून कमी आहे, तुम्हाला तो ओढावाच लागेल. ते तुमच्या हातून व्हावं. दुसऱ्या कुणी केलं तर मला सोसवणार नाही.

मी गाडी घेऊन ओमिशिमाला येते. सगळे पूल ओलांडून येईन, त्यामुळे बोट चुकण्याचा प्रश्न नाही. तुमच्या बागेखाली संत्री विकायची शेड आहे, तिच्याशेजारी गाडी लावेन, रस्त्याला अडथळा होणार नाही अशी. मी डावीकडे, बाजूच्या सीटवर बसेन. दार उघडून धरणार नाही. चालवा असंही म्हणणार नाही. धक्क्यावर एकदा म्हणून झालं आहे. तोडणीचे दिवस आहेत, माणसं येतील-जातील, बघतील, त्याला माझा इलाज नाही. बाबांसारखी मी परत मात्र फिरणार नाही. अंधार पडेपर्यंत थांबेन. डबा बरोबर असेल. आईने आत्ताच विचारलं की तुम्हाला भाताच्या गोळ्यात अजून खारवलेला आंबट उमेबोशी लागतो का. मी म्हटलं, विचारते. ती म्हणाली, विचारू नकोस, मी तोच घालणार.

तुम्ही खाली आला नाहीत, तर मी एकटी परत येईन, आणि सोमवारी सकाळी गाडी वर घेऊन ऑटोमॅटिक उतरवीन. आलात, तरीही सोमवारी उतरवीनच. तुमच्या आज्ञेप्रमाणे. दोन्हींत गाडीला काही फरक नाही. फरक फक्त एवढाच, की वीस वर्षं ज्याच्यासाठी ती तशी राहिली, तो तिच्यात बसला की नाही.

यायचं की नाही ते कळवू नका. पत्रात लिहिलेल्या शब्दांची मला आता भीती वाटते. लोभ असेल तर तो उतारावरून खाली चालत येऊ द्या. नसेल, तरी मी तुमचीच पुतणी.

येते आहे ती रविवारी, २५ नोव्हेंबरला.

आपली,
चिनात्सु